तत्रैव म्हणजे नेमकं कुठे?

१५ मे २०२५ ला दुपारी साडेतीन वाजता माझा एम. ए. इतिहासाचा लघुप्रबंध विभागात जमा झाला. ८६ पानं, १६३ तळटिपा, चार प्रती. त्यानंतर खालच्या वर्गातल्या तिघींचे फोन आले. विषय कसा निवडला, मुलाखती कशा घेतल्या, असलं काही कुणीच विचारलं नाही. तिघींचा प्रश्न एकच, "ताई, ते संदर्भ कसे लिहायचे असतात?" तीनदा तेच सांगून झालं, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

आधीच सांगते, मी यातली जाणकार नाही. पतसंस्थेत नोकरी करते. बी. ए. झाल्यावर पंधरा वर्षांनी पुन्हा कॉलेजात नाव घातलं. बी. ए. ला आम्ही पाच प्रश्नांपैकी तीन सोडवायचो, संदर्भ म्हणजे 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' एवढंच माहीत. चौथ्या सत्रात सहा क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो हेही प्रवेश घेतल्यावर कळलं.

विषय डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला. १९७२ चा दुष्काळ आणि बार्शी तालुक्यातल्या बायकांच्या आठवणी. त्याच वेळी विद्यापीठाचं परिपत्रक हातात पडलं, त्यात एक ओळ होती, 'संदर्भ एपीए शैलीनुसार द्यावेत.' एपीए म्हणजे संदर्भ लिहिण्याची एक ठरलेली पद्धत. मी ती ओळ वाचली, मान डोलावली आणि कागद फायलीत ठेवला. पुढच्या निम्म्या अडचणी त्या फायलीत होत्या.

जानेवारी-फेब्रुवारी मुलाखती आणि ग्रंथालयं यात गेले. या काळात मी केलेली चूक सगळ्यात महाग पडली, म्हणून ती आधी. ग्रंथालयात पुस्तक मिळालं की मी हवी तेवढी पानं झेरॉक्स करायचे आणि पुस्तक परत करायचे. पहिलं पान, म्हणजे जिथे पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक असतात ते, आणि त्याच्या मागचं, जिथे आवृत्ती आणि साल असतं ते, ही दोन पानं मी एकाही पुस्तकाची घेतली नाहीत. दोन रुपये वाचवले. मार्चमध्ये माझ्याकडे सव्वाशे झेरॉक्स पानं होती आणि त्यातली चाळीसएक कुठल्या पुस्तकाची हेच सांगता येत नव्हतं. झेरॉक्सवाल्याने कोपरे कापले होते, त्यामुळे काहींचे पृष्ठक्रमांकही गेलेले. शेवटी दोन पुस्तकांसाठी पुन्हा पुण्याला जावं लागलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून जाऊन-येऊन साडेतीनशेत भागलं, पण एक रजा गेली. सकाळी सहाच्या गाडीने निघून अकराला ग्रंथालयात पोचले, तर तिथे दुपारपर्यंत वीज नव्हती. चार पृष्ठक्रमांक आणि दोन साल, एवढं घेऊन रात्री घरी.

तेव्हापासून नियम केला. पुस्तक हातात आलं की आधी त्या दोन पानांचा मोबाईलवर फोटो, मग आतल्या पानांचा. आणि प्रत्येक झेरॉक्सच्या डोक्यावर तिथेच उभ्या उभ्या पेन्सिलीने लेखकाचं आडनाव आणि पृष्ठक्रमांक.

मामांच्या ट्रंकेत एक कात्रण सापडलं होतं. दुष्काळी कामावरच्या बायकांचा फोटो, खाली तीन ओळी. इतकं बोलकं छायाचित्र मला पुन्हा कुठे दिसलं नाही. पण वर्तमानपत्राचं नाव नाही, तारीख नाही. मागच्या बाजूला साबणाची अर्धी जाहिरात. मामांना विचारलं तर म्हणाले, "अगं त्याच साली आलं होतं." त्याच साली म्हणजे बहात्तर की त्र्याहत्तर, हे त्यांनाही आठवेना. मी दोन दिवस वर्तमानपत्राच्या बांधीव फायली चाळल्या, सापडलं नाही. शेवटी ते प्रबंधातून काढलं. अजून वाईट वाटतं.

मजकूर हाताने लिहिला आणि १० मार्चला डीटीपीवाल्या दादांकडे दिला. पानाला पंचवीस रुपये. मराठी टायपिंग मला तेव्हा येत नव्हतं. (आता येतं. नाइलाजाने शिकले, त्याबद्दल पुढे.) २४ मार्चला पहिला पूर्ण खर्डा माझ्या मार्गदर्शक सरांच्या टेबलावर ठेवला. मध्ये गुढीपाडवा आला, पुरणपोळी घशाखाली उतरेना. २ एप्रिलला खर्डा परत मिळाला. मजकुरावर फारसं काही नव्हतं, पण तळाशी, कंसांत, शेवटच्या यादीत सगळीकडे लाल पेन. पहिल्याच पानावर सरांनी लिहिलं होतं, "हे मला शोधायचं असेल तर कुठे जाऊ?"

पुढे त्यांनी हाच प्रश्न निदान वीस ठिकाणी लिहिला होता. मी लिहिलं होतं '(गॅझेटिअर)', म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ. कुठलं? जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेलं मुंबई इलाख्याचं सोलापूरचं गॅझेटिअर हा मालिकेचा विसावा खंड, १८८४ चा. स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारने काढलेलं सोलापूरचं गॅझेटिअर वेगळं. मी १८७६-७७ च्या दुष्काळाचा मजकूर पहिल्यातून घेतला होता, पण वाचला होता संगणकावर, आणि पडद्यावरचा पानाचा आकडा छापील पृष्ठक्रमांकाशी जुळत नव्हता. सरांचं म्हणणं असं की जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. छापील खंड पाहिला असेल तर छापील पान. संगणकावर पाहिला असेल तर मूळ साल, खंड, प्रकरणाचं नाव आणि कधी पाहिला ती तारीख.

दुसरी जागा जरा लाजिरवाणी. मी एका तळटिपेत 'अमर्त्य सेन' असं ठोकून दिलं होतं. महाराष्ट्राने सत्तरच्या दशकातला दुष्काळ कसा हाताळला त्यावरचं ते प्रकरण, आणि पुस्तकाच्या कव्हरवर सेन यांचं नाव, म्हणून. पुस्तक १९९० चं, ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन या दोघा अर्थतज्ज्ञांनी संपादित केलेलं. पण ते प्रकरण एकट्या द्रेझ यांचं आहे. संपादित पुस्तकात प्रकरणाचा लेखक आधी, प्रकरणाचं नाव अवतरणात, मग पुस्तकाचं नाव आणि संपादक, मग पानं. सर हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही एका माणसाचं काम दुसऱ्याच्या नावावर जमा केलंत. तुमच्या पतसंस्थेत असं चालतं का?" पतसंस्थेचा दाखला दिल्यावर मला एकदम कळलं. चुकीच्या खात्यात पैसे जमा झाले की काय होतं ते मी रोज बघते.

मराठी विश्वकोशाचंही असंच. मी फक्त 'मराठी विश्वकोश' लिहून मोकळी झाले होते. विश्वकोशातल्या नोंदींच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, हे मी इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं. संदर्भ त्या नावाने द्यायचा.

आणि एक चूक नुसत्या संदर्भाची नव्हती, मजकुराचीच होती. मी लिहिलं होतं की रोजगार हमीचा कायदा १९७२ साली झाला. आधार काय, तर एका वर्तमानपत्राच्या पुरवणीतला लेख. सरांनी लिहिलं, "कायदा पाहिला का?" पाहिला. योजना १९७२ ची, कायदा १९७७ चा आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. या योजनेचे जनक वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात साठच्या दशकातच प्रयोग केला होता तो आणखी वेगळा. संदर्भ नीट द्यायला गेले म्हणून ही चूक सापडली, नाहीतर ती छापून बांधली गेली असती.

आता शैलीचं रामायण. परिपत्रकात एपीए. एपीएत मजकुरातच कंस करून आडनाव आणि साल लिहायचं, शेवटी यादी. मी बऱ्याच ठिकाणी तसं केलं होतं, काही ठिकाणी तळटिपाही होत्या. पण इतिहासात साधनं कशी असतात? शासनाचा ठराव, जुन्या फायली, वर्तमानपत्राचा अंक, मुलाखत. एका ओळीत असे तीन कंस आले की वाक्य हरवतं. सरांना तळटिपा हव्या होत्या, शिकागो पद्धतीच्या, इतिहासात बहुतेक ठिकाणी चालतात तशा. मी म्हटलं, "सर, परिपत्रकात..." ते म्हणाले, "लेखी विचारू." ४ एप्रिलला विभागप्रमुखांना अर्ज दिला. आवक क्रमांक घेतला. (हा घ्याच. तोंडी 'हो चालेल' म्हणणारा माणूस बदलीवर जातो.) उत्तर १७ एप्रिलला आलं. इतिहास विषयासाठी तळटिपा चालतील, मात्र शेवटपर्यंत एकच पद्धत ठेवावी. तेरा दिवस मी हातावर हात ठेवून बसले. तसं करू नका. पद्धत कुठलीही ठरो, लेखक, शीर्षक, साल, प्रकाशक, ठिकाण, पान ही माहिती सगळीकडे लागतेच, फक्त क्रम आणि विरामचिन्हं बदलतात. ती गोळा करायला परवानगी लागत नाही.

मुलाखतींनी सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. चौदा जणींशी बोलले होते. एपीएच्या नियमाने असल्या मुलाखती शेवटच्या यादीत येतच नाहीत, कारण वाचणाऱ्याला त्या कुठे मिळणार? संशोधनासाठी ज्यांच्याशी बोललो त्यांचं बोलणं कोण बोललं हे मजकुरातच सांगायचं, एवढंच. तळटिपांच्या पद्धतीत मात्र नाव, ठिकाण, तारीख देता येते. आम्ही शेवटी तळटीप आणि स्वतंत्र परिशिष्ट दोन्ही केलं. परिशिष्टात नाव, गाव, वय, मुलाखतीची तारीख, किती मिनिटं, रेकॉर्डिंग आहे की नुसतं टिपण.

वय लिहितानाच पहिला घोळ. एका आजींच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९५७. त्या हिशोबाने बहात्तर साली त्या पंधरा वर्षांच्या. आणि आजी सांगत होत्या की दोन पोरं झाडाखाली झोळीत टाकून खडी फोडायला बसायच्या. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या कार्डावर एक जानेवारी म्हणजे 'माहीत नाही' असंच समजायचं. सरांनी सुचवलं, 'वय अंदाजे ७५, त्यांच्या सांगण्यानुसार' असं लिहा आणि कार्डावरच्या तारखेचा उल्लेख तळटिपेत करा. मला हे आवडलं. दोन्ही गोष्टी वाचणाऱ्यासमोर आल्या.

दुसरा घोळ नावाचा. यादी आडनावाने लावायची. आजींना गावात सगळे मुलाच्या नावाने, अमक्याची आई म्हणून ओळखतात. रेशन कार्डावर एक नाव, आधार कार्डावरच्या इंग्रजी अक्षरांत तिसरंच आडनाव. नाव छापू की बदलू, असं मी संमतीपत्रावर अंगठा घेताना विचारलं. बहुतेक जणी म्हणाल्या, नको बाई, पोरं रागावतील. त्यांची नावं बदलली आणि बदलली आहेत असं परिशिष्टाच्या वर स्पष्ट लिहिलं. या आजी मात्र म्हणाल्या, "माझं नाव लिव. खडी म्या फोडली, मस्टरवर नाव धन्याचं हुतं." मग त्यांनी जे नाव सांगितलं तेच घातलं, माहेरचं गावही घातलं. इथे लिहीत नाही, कारण संमती प्रबंधापुरती आहे.

एप्रिलमध्ये आमच्याच वर्गातल्या एका मुलीने मला झोटेरो नावाचं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर शिकवलं. ते मोफत आहे, आणि फायली साठवायला ३०० एमबी जागाही फुकट मिळते, माझ्यासारखीला तेवढी पुष्कळ. पुस्तकाची माहिती एकदा भरायची, मग वर्डमध्ये हव्या त्या ठिकाणी तळटीप आपोआप येते आणि शेवटची यादीही तयार होते. ऐकायला स्वर्ग. प्रत्यक्षात मराठीला त्याचे नखरे आहेत. मी लेखकाच्या जागी 'महाराष्ट्र शासन' भरलं, तर यादीत आलं 'शासन, महाराष्ट्र'. संस्थेचं नाव असेल तेव्हा नावाच्या दोन चौकटींची एक चौकट करायची असते, शेजारी छोटं बटण आहे. मराठी पुस्तकाच्या नोंदीतही मध्येच इंग्रजी 'एडिटेड बाय' उगवायचं. ते मी शेवटी, सगळं झाल्यावर, फायलीची वेगळी प्रत करून, तिचा झोटेरोशी संबंध तोडून हाताने 'संपा.' केलं. आधी केलं तर पुढच्या वेळी ते पुन्हा इंग्रजी होतं. हे मला दोनदा झाल्यावर कळलं.

यादी वर्णक्रमाने लावण्याचं काम संगणकावर सोपवलं, तर त्याने 'क्षीरसागर' उचलून 'क'मध्ये नेऊन बसवले. संगणकाच्या दृष्टीने क्ष म्हणजे क आणि ष. आमच्या विभागात क्ष, ज्ञ शेवटी, ळ-नंतर घेतात. हाताने खाली आणलं. मराठी आणि इंग्रजी पुस्तकांच्या याद्या वेगळ्या केल्या, त्यामुळे रोमन अक्षरं आणि देवनागरी यांची खिचडी टळली. एका जुन्या पुस्तिकेवर फक्त शके १८१९ होतं. शकात ७८ मिळवायचे, वर्षाचे शेवटचे महिने असतील तर ७९. महिना माहीत नव्हता म्हणून १८९७-९८ लिहिलं आणि पुढे शकही तसाच ठेवला.

नावांची स्पेलिंगं हा वेगळाच रोग. १९७३ च्या अवर्षण समितीचा अहवाल मी इंग्रजीत पाहिला होता, त्यावरून मराठीत लिहिलं 'सुखटणकर समिती'. सरांनी खोडून 'सुकथनकर' केलं. माझ्या प्रबंधात तोवर दोन्ही होती. द्रेझ तर तीन प्रकारे लिहिले होते. शोधा-आणि-बदला वापरून एक संध्याकाळ त्यातच गेली.

आता त्या शीर्षकातल्या शब्दाकडे येते. तत्रैव. मला हा शब्द फार विद्वान वाटायचा. लागोपाठ दोन तळटिपा एकाच पुस्तकाच्या असतील तर दुसरीत पुस्तकाचं नाव परत न लिहिता 'तत्रैव, पृ. ४२' असं लिहायचं, म्हणजे तिथेच. मी खर्ड्यात छान पेरले होते. मग तिसऱ्या प्रकरणातला सुकडीवरचा, म्हणजे दुष्काळात वाटलेल्या कोरड्या खाऊवरचा, भाग सरांनी दुसऱ्या प्रकरणात हलवायला सांगितला. मी हलवला. त्याबरोबर तळटिपा हलल्या, आणि अकरा 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाखाली जाऊन बसले. रोजगार हमी कायद्याच्या खाली 'तत्रैव', म्हणजे वाचणाऱ्याने समजायचं की आजींचं बोलणं कायद्यात छापलंय! ते मला सापडलं कारण त्यांपैकी एका ठिकाणी पृष्ठक्रमांक ३१२ होता आणि वर आलेलं पुस्तकच दोनशे पानांचं होतं. बाकीचे दहा शोधायला जुना खर्डा शेजारी ठेवून एकेक ताडावं लागलं. शिकागोच्या नियमावलीनेही २०१७ च्या आवृत्तीपासून इंग्रजीत तत्रैवसाठी वापरतात त्या 'इबिड'ऐवजी आडनाव आणि छोटं शीर्षक द्यावं असं सुचवलंय. मी सगळे तत्रैव काढून टाकले. 'द्रेझ, पृ. अमुक' लिहायला दोन सेकंद जास्त लागतात.

२१ एप्रिलला ग्रंथालयात वाङ्मयचौर्य तपासणीसाठी फाइल दिली. दुसऱ्या दिवशी अहवाल आला, साम्य शून्य टक्के. मी आनंदाने मिठाई नेणार होते. ग्रंथालयातले सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, शून्य कुणाचंच येत नसतं." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. माझा सगळा प्रबंध तिथे टिंबं, डॉलर आणि कंस असा दिसत होता. डीटीपीवाल्या दादांनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं, युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही संगणकाला अक्षरं ओळखता येतात त्या पद्धतीत) नाही. कागदावर मराठी, यंत्राला ते निव्वळ चिन्हांचं कडबोळं. त्याला जगात कशाशीच साम्य सापडलं नाही, यात नवल काय.

(दादांचा दोष नाही. लग्नपत्रिका आणि गणपतीच्या पावत्या त्याच फॉन्टात होतात. मी विचारलंच नव्हतं. टाइप करायला देताना 'युनिकोडमध्ये द्या' एवढे दोन शब्द म्हणा.)

मग रूपांतर. आयतं रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यातून 'कार्यक्रम'चं 'कायर्क्रम' बाहेर पडलं, 'विषय'ची वेलांटी सुटून पुढे पळाली, आणि आमच्या 'सुऱ्या', 'दऱ्या' तर ओळखू येईनात. पाच दिवस, रोज ऑफिसहून आल्यावर, ८६ पानं ओळीने वाचून दुरुस्त केली. मोबाईलवर मराठी लिहायची सवय होती, तोच कीबोर्ड संगणकावर टाकला आणि अशी मी टायपिंग शिकले.

२८ एप्रिलला दुसरी तपासणी. ३४ टक्के.

ती रात्र मी झोपले नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. चाळीसच्या वर वर्षभर थांबायचं, साठच्या वर नोंदणीच रद्द. म्हणजे माझं वर्ष जाणार नव्हतं, पण सत्र जाण्याची शक्यता होती, कारण अंतिम तारीख १६ मे होती.

दुसऱ्या दिवशी अहवाल घेऊन रंगीत ओळी एकेक बघितल्या. हे घाबरण्यापेक्षा आधी करायला हवं होतं. बराचसा भाग कायद्याच्या कलमांचा होता, आणि पुस्तकांतून शब्दशः घेतलेल्या उताऱ्यांचा. तेही मी अवतरणचिन्हांत दिले होते, पण फॉन्ट बदलताना ती चिन्हं उडून त्या जागी भलतंच काहीतरी आलं होतं. अवतरण आणि संदर्भसूची वगळून मोजायची सोय तपासणीत असते, पण चिन्हच नसेल तर यंत्र ते उतारे माझ्याच नावावर मोजणार. प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्राची पानंही मी फायलीत ठेवली होती. ती सगळ्यांची सारखीच असतात, तीही रंगली.

हे सगळं वजा केल्यावर दीड पान उरलं, आणि ते माझंच होतं. दुसऱ्या प्रकरणात एका लेखातले तीन परिच्छेद मी 'आपल्या शब्दांत' लिहिले होते. म्हणजे 'भीषण'च्या जागी 'भयंकर', 'परिणामी'च्या जागी 'त्यामुळे', एखादं वाक्य मागेपुढे. खाली तळटीप होती, म्हणून मला वाटलं होतं झालं. तळटीप सांगते की विचार कुणाचा. वाक्य कुणाचं हे अवतरणचिन्ह सांगतं, आणि तिथे ते नव्हतं. मला हे खरंच माहीत नव्हतं, पण माहीत नव्हतं म्हणून ते दीड पान माझं होत नाही. लेख मिटून ठेवला, दोन दिवस उघडला नाही, आणि मग मला जे समजलं होतं तेवढंच लिहिलं. दीड पानाचं पाऊण पान झालं.

७ मेला तिसरी तपासणी. दोनच मोफत असतात, तिसरीचे ३०० रुपये. ८ टक्के.

पुढचं भराभर झालं. डावीकडे दीड इंच समास सोडा, नाहीतर बांधणीत अक्षरं गिळली जातात. सुरुवातीच्या पानांना अ, आ, इ आणि पहिल्या प्रकरणापासून १, २, ३ असे क्रमांक हवे असतील तर वर्डमध्ये मध्ये विभाग तोडावा लागतो, साधं नवं पान घेऊन चालत नाही. छपाईला नेताना पीडीएफ न्या, त्यांच्या संगणकावर वर्ड उघडलं की फॉन्ट बदलून पानं सरकतात. पानाला दोन रुपये, चार प्रती, काळ्या रेक्झिनची सोनेरी अक्षरांची बांधणी २२० रुपये प्रत. टायपिंग, छपाई, बांधणी, प्रवास, तपासणी मिळून माझे साडेपाच हजारांच्या आसपास गेले. स्वतः टाइप केलं असतं तर दोन हजार तिथेच वाचले असते.

१० जूनला मौखिक परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या मॅडमनी प्रबंध मागून उघडला. आधी संदर्भसूची, मग परिशिष्ट, मग मधलं एक पान. "तळटीप ४७ मध्ये तुम्ही 'उद्धृत' लिहिलंय. मूळ अहवाल पाहिला नाही का?" मी म्हटलं, "नाही मॅडम, मिळाला नाही. ज्या पुस्तकात वाचला तेच दिलंय." त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. मूळ अहवालाचंच नाव टाकायचा मोह मला झाला होता. टाकलं असतं आणि त्यांनी त्यात पुढे काय आहे असं विचारलं असतं, तर मी काय सांगणार होते?

माझ्याकडची प्रत घेऊन मागच्या रविवारी त्या आजींकडे गेले. त्यांच्या नातवाने परिशिष्ट उघडून पान ८१ वरची ओळ वाचून दाखवली. नाव, माहेरचं गाव, वय अंदाजे ७५, तारीख, बावन्न मिनिटं. आजींनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं.

"लई बारीक लिवलंय गं."

परिशिष्टाचा टंक १२ पॉइंट, हा विभागाचा नियम आहे. मी नातवाच्या मोबाईलवर फोटो काढून तो बोटांनी मोठा करून दाखवला.